खातंय म्हणजे मानवतंय असं नाही

आदिलाबादेत ज्या घरात कासव आहे, तिथे त्याच्या खाण्याचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं. "त्याचं काय भाऊ, जे टाकाल ते खाते. काकडी खाते, टमाटर खाते, पोळीचा तुकडा टाकला तर तोही सोडत नाही." पाठोपाठ दुसरं वाक्य येतं आणि ते जास्त ठाम असतं : "बाहेर कुत्र्याच्या तोंडी जाण्यापेक्षा आमच्याकडे सुखात आहे ना!" कासव पाळण्याचं सगळं समर्थन या दोन वाक्यांवर उभं आहे. पहिलं वाक्य चुकीचं आहे, आणि ते पडलं की दुसऱ्याला आधार उरत नाही. माझा वाद निर्दय माणसांशी नाही. मायेने खाऊ घालणाऱ्यांशी आहे, कारण कासवाचं हाड या मायेच्या हातूनच मऊ पडतं.

आधी कोणतं कासव ते पाहू. सगळ्या कासवांपुढे एकच ताट वाढणं ही पहिली चूक. आपल्याकडे घरांत साधारण तीन प्रकार दिसतात. एक, पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं जमिनीवरचं कासव. बाजारात त्याला 'स्टार' म्हणतात. ते मुख्यतः गवत, पाला, फुलं आणि गळून पडलेली फळं खातं. दुसरं, तळ्यातलं, मऊ पाठीचं, मागच्या पायांवर कातडीची झाकणं असलेलं. पहिल्या पावसात ते शेताच्या चरात, कालव्यात सापडतं. ते गोगलगायी, बेडूक, मासे, पाणवनस्पती आणि मेलेलं जनावरही खातं. तिसरं, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं, काचेच्या टाकीत विकलं जाणारं परदेशी कासव. ते लहानपणी जास्त मांसाहारी असतं आणि वाढत जाईल तसं वनस्पतींकडे वळतं. तिघांची पोटं तीन तऱ्हेची. तरी तिघांच्या पुढ्यात काकडीची तीच चकती पडते.

आता पहिल्या वाक्याकडे येऊ. टोमॅटो पाहून कासव लगबगीने येतं, हे खरं आहे. जमिनीवरच्या कासवांना लाल-पिवळा रंग ओढून घेतो, कारण रानात तो रंग म्हणजे पिकलेलं फळ किंवा उमललेलं फूल. तिथे असं फळ कधीमधी मिळतं, म्हणून दिसलं की ते सोडायचं नाही ही त्याची उपजत बुद्धी. आपण तेच फळ रोज समोर ठेवतो आणि त्याच्या धावण्याला पसंतीचा दाखला मानतो. पसंती आणि पथ्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या लेकरांच्या बाबतीत आपण क्षणभरही विसरत नाही.

कासव गवत कसं खातं ते एकदा जवळून पाहावं. त्याला दात नसतात, शिंगासारख्या पदार्थाची धारदार चोच असते. ते गवताची पात तोंडात धरतं, पुढचा पाय जमिनीत रोवतं आणि मान मागे खेचून पात तोडतं. तोडलेला तुकडा जिभेने आत ओढतं, पुन्हा मान पुढे काढतं. या ओढाताणीत चोच झिजते आणि बेतात राहते. गिळलेलं गवत आतड्याच्या मागच्या भागात सूक्ष्मजीव हळूहळू आंबवतात, त्यातून त्याला ताकद मिळते. हा सगळा कारखाना चिवट, तंतुमय पाल्यासाठी घडलेला आहे. त्याला रोज मऊ काकडी आणि गोड केळं मिळालं की चोच वाढून वाकडी होते, आतड्यातले सूक्ष्मजीव बिघडतात आणि पातळ शी सुरू होते. तेव्हा घरातले म्हणतात, "गरमी झाली असेल."

पण खरा घात याहून खोल असतो. शंभर ग्रॅम टोमॅटोत कॅल्शियम सुमारे १० मिलिग्रॅम आणि फॉस्फरस सुमारे २४. काकडीत १६ आणि २४. केळ्यात ५ आणि २२. गव्हाच्या पिठात तर फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापट. कासवाला हवा असतो नेमका उलटा हिशेब : फॉस्फरसच्या निदान दुप्पट कॅल्शियम. फॉस्फरस जास्त झाला की अन्नातलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि रक्ताला लागणारं कॅल्शियम शरीर हाडांतून काढून घेऊ लागतं. कासवाची पाठ हे त्याचं हाडच आहे. बरगड्या आणि पाठीचा कणा एकत्र जुळून ती बनलेली आहे, वरून फक्त शिंगासारखा पातळ थर. म्हणून हाडाचं कर्ज काढलं गेलं की ते पाठीवर दिसतं.

इथल्याच एका घरात मी असं कासव पाहिलं आहे. प्लॅस्टिकचा निळा टब, तळाशी दोन बोटं पाणी, त्यात भिजून फुगलेला पोळीचा तुकडा आणि टोमॅटोची साल. चांदण्यांची नक्षी सुरेख होती. घरच्या ताईंनी कौतुकाने ते माझ्या हातात दिलं. कडेच्या पट्टीवर अंगठा टेकवला तर ती किंचित दबली. जमिनीवरच्या धडधाकट कासवाची पाठ अंगठ्याखाली दबता कामा नये. मागचे पाय अंग उचलत नव्हते, नुसते घासत होते. ताई म्हणाल्या, "आळशी आहे हो, पण खाते मात्र पोटभर." पोटभर खाऊनही ते उपाशी होतं.

खाण्याच्या हिशेबात ऊनही येतं, हे आपल्या लक्षातच येत नाही. अन्नातलं कॅल्शियम शोषून घ्यायला ड जीवनसत्त्व लागतं. ते कासवाच्या कातडीत सूर्याच्या अतिनील किरणांमुळे तयार होतं. हे किरण खिडकीची काच अडवते. त्यामुळे "आम्ही खिडकीत ठेवतो, ऊन मिळतं" यात ऊब मिळते, ड जीवनसत्त्व मिळत नाही. उत्तम पाला घातला आणि कासव घरातच ठेवलं, तरी तो पाला निम्मा वाया गेला.

काही पदार्थांबद्दल तर वाद घालायचंही कारण नाही. दूध-पोळी, दूध-भात देवाच्या नावाने घालतात. सरपटणारा कुठलाच प्राणी पिल्लाला दूध पाजत नाही. दुधातली साखर पचवायची सोयच त्याच्या आतड्यात नसते. भिजवलेली डाळ, मांजराचं खाणं, उकडलेलं अंडं यांतली प्रथिनं गवतखाऊ कासवाच्या मूत्रपिंडाला झेपत नाहीत, आणि प्यायला पाणी कमी पडलं तर मूत्राशयात खडे धरतात. पालक 'हिरवी भाजी' म्हणून आवर्जून घालतात. त्यात कॅल्शियम आहे, पण ऑक्झलेट त्याला बांधून ठेवतं. तळ्यातल्या कासवाला भात, आणि लाल पट्टेवाल्याला वर्षानुवर्षं डबीतली सुकी कोळंबी, हीही उपासमारच. नुसत्या सुक्या कोळंबीवर वाढलेल्या पिल्लांना अ जीवनसत्त्व कमी पडून डोळे सुजतात, मिटतात. डोळे मिटले की दिसत नाही, दिसत नाही म्हणून खात नाही.

इथे वाचलेल्या, शिकलेल्या लोकांचं एक उत्तर असतं : "प्रथिनं कमी केली की पाठीवर सुळके येत नाहीत, आम्हाला माहीत आहे." हेही अर्धंच. व्हिएन्नात आफ्रिकेच्या सुल्काता कासवांच्या पिल्लांवर झालेला आणि २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, की पाठ सुळक्यांनी वेडीवाकडी होण्यात प्रथिनांपेक्षा कोरड्या हवेचा वाटा मोठा. चांदणी कासवाच्या पाठीवर थोडे उंचवटे निसर्गतःच असतात, म्हणून तिथे बिघाड ओळखणं आणखी कठीण. म्हणजे ताटातला एक पदार्थ काढला आणि एक घातला, एवढ्याने हे सुटत नाही. अन्न, ऊन, दमटपणा, पाणी आणि चालणं या पाचांचा मिळून एक आहार होतो.

त्यात आपला ऋतू. आदिलाबादचा उन्हाळा चव्वेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि पौषात पारा दहाच्या खाली उतरतो. कासवाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. बाहेर गारठा असला की त्याचं पचन थंडावतं आणि गिळलेलं अन्न पोटात कुजू शकतं. म्हणून थंडीत ते खाणं कमी करतं. कडक उन्हाळ्यात तळ्यातलं कासव चिखलात पुरून घेऊन पडून राहतं. त्याच्या शरीराला हे उपास ठाऊक आहेत. घरातल्या माणसाला ते दिसले की काळजी वाटते, मग तोंड उघडून केळं भरवलं जातं. भुकेचाही एक ऋतू असतो आणि टबात तो ऋतू आपण येऊ देत नाही.

यावर नेहमीचा आक्षेप असा : "पाच-सहा वर्षं झाली, मेलं तर नाही!" नीट सांभाळलेलं चांदणी कासव कित्येक दशकं जगतं. अशा आयुष्यात पाच-सहा वर्षं म्हणजे बाळपण. त्याचं सगळंच सावकाश असतं, तसं मरणंही. चुकीच्या खाण्याने कुत्रं आठवड्यात आजारी दिसतं, कासव वर्षानुवर्षं खंगत जातं आणि शेवटच्या महिन्यापर्यंत काकडी खात राहतं. 'मेलं नाही' हे 'बरं आहे' याचं प्रमाणपत्र होऊ शकत नाही.

"मग काय घालायचं ते सांगा, आम्ही घालू," असं कुणी म्हणालं तर तो प्रामाणिक प्रश्न आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. जमिनीवरच्या गवतखाऊ कासवाचा मोठा वाटा गवताचा : हरळी, बांधावरचं चराईचं कोवळं-जून गवत, थोडं वाळलेलंही. त्याच्या जोडीला केना, पाथरी, पुनर्नवा, जास्वंदीची पानं-फुलं, तुतीचा पाला, भोपळ्याच्या वेलाची पानं-फुलं, काटे काढलेला फड्या निवडुंग. शेवग्याचा पाला अधूनमधून जरूर, त्यात कॅल्शियमचं पारडं जड असतं. रोज एकच पाला नको, आलटून पालटून हवा. फळ क्वचित, तेही एखादी फोड. कुरतडायला समुद्रफेसाचा तुकडा. पानाला लावायचा चुना कधीही नाही, तो तोंड भाजतो. डोकं सहज वर राहील इतक्या उथळ पाण्यात बसायची सोय. आणि बांधावरून पाला आणताना कण्हेर, घाणेरी, धोतरा, रुई, एरंड, गाजरगवत यांतलं पानही जुडीत येता कामा नये.

ही यादी पुन्हा वाचा. पावसाळ्यात यातलं बरंच बेला-जैनथच्या कुठल्याही बांधावर फुकट मिळतं. पण मार्चपासून मृगापर्यंत? तेव्हा या जिल्ह्यात हिरवी पात शोधावी लागते, आणि घरातली मंडळी पुन्हा भाजीबाजारातल्या टोमॅटोवर येतात. यादी पाळायची तर अंगण हवं, माती हवी, आडोसा हवा, सकाळचं ऊन हवं, थंडीत उबेची सोय हवी, आणि हे सगळं तीस-चाळीस वर्षं करणारं माणूस हवं. कासवाच्या खाण्याची एकेक गरज मनापासून मांडत गेलं, की शेवटी कागदावर एक माळरान उभं राहतं. ते आपल्या दोन खोल्यांत मावत नाही. त्याच्या आहाराचा जो जितका खोल विचार करेल, त्याला ते घरात ठेवणं तितकं अवघड वाटेल. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

याला एक आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे, आणि तो शेतकऱ्यांकडून येतो. "बाहेर तरी आता काय उरलं आहे? पऱ्हाटीत तणनाशक, बांधावर तणनाशक. तुमचा तो केना आणि हरळी कुठे आहे?" ही वस्तुस्थिती आहे. तणनाशकाला न जुमानणाऱ्या अनधिकृत कापूस-बियाण्यांचा आपल्या पट्ट्यात सुळसुळाट आहे आणि त्यामुळे फवारा तासांतून बांधापर्यंत पोचला आहे. पण यातून निघणारा निष्कर्ष कोणता? बांध जळाला म्हणून कासव टबात आणायचं, तर उद्या ससा, तितर, घोरपड यांनाही टब द्यावे लागतील. बांधावर हातभर पट्टा फवाऱ्याविना राखणं हे एका शेतकऱ्याच्या हातात असलेलं काम आहे. ते एका कासवाच्या नव्हे, शेकडो जीवांच्या जेवणाची सोय करतं, जनावरांचा चाराही त्यातच येतो. घरात एक कासव वाचवल्याच्या समाधानात बांधाचा प्रश्न विसरला जातो, हा त्या समाधानाचा सगळ्यात मोठा तोटा आहे.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा. कासव घरात असलं की लक्ष्मी टिकते, वास्तुदोष जातो. आपल्याकडच्या कितीतरी देवळांत मूर्तीसमोर दगडी कासव असतं, श्रीकाकुळमजवळच्या श्रीकूर्ममला तर कूर्मावताराची पूजा होते. या श्रद्धेशी माझं भांडण नाही. देवळातल्या दगडी कासवाला भूक नसते, एवढंच सांगायचं आहे. ज्याला विष्णूचं रूप मानलं, त्याला शिळ्या पोळीवर ठेवून त्याची पाठ मऊ होऊ देणं कुठल्या भक्तीत बसतं? विहिरीत कासव सोडण्याची रीतही तशीच. पाणी स्वच्छ राहतं म्हणून ते आत टाकतात. बांधीव विहिरीत त्याला उन्हाला यायला काठ नाही, अंडी घालायला माती नाही, आणि खायला त्या वर्तुळात पडेल तेवढंच. वीस नखांच्या कासवाने पैशांचा पाऊस पाडण्याच्या थापा तर सरळ फसवणूक आहेत, त्यात श्रद्धेचा अंशही नाही.

तिसरा आक्षेप दुकानातून आणलेल्या कासवाचा : "हे रानातलं नाही, विकत घेतलं आहे." लाल पट्ट्याचं हे कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपीच्या खोऱ्यातलं. रुपयाएवढं दिसतं म्हणून मुलासाठी घेतलं जातं आणि वाढून ताटलीएवढं होतं. मग टाकी पुरत नाही, वास येतो, आणि एका संध्याकाळी ते तळ्यात सोडलं जातं. तिथे ते आपल्या कासवांच्या अन्नावर आणि उन्हाच्या जागांवर हक्क सांगतं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. त्याच्या अंगावरून साल्मोनेलाचे जंतू लहान मुलांना लागतात म्हणून अमेरिकेनेच १९७५ साली चार इंचांहून लहान कासवांची विक्री बंद केली. ज्यांच्याकडे ते आधीच आहे, त्यांनी त्याला तळ्यात न सोडता प्रशस्त टाकी, ऊन, पाणवनस्पती आणि वेगवेगळं खाणं देऊन शेवटपर्यंत सांभाळावं. ज्यांच्याकडे नाही, त्यांनी घेऊ नये.

आपल्या देशातल्या कासवांबाबत कायदा स्वच्छ आहे. चांदणी कासव आणि मऊ पाठीचं तळ्यातलं कासव, दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तिथल्या प्राण्याबाबत गुन्हा सिद्ध झाला तर किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड. १९५६ साली राजुरा आणि किनवट हे तालुके आदिलाबादमधून तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे आजच्या महाराष्ट्रात गेले, तरी पैनगंगेच्या दोन्ही काठांची बोली एक राहिली. हा कायदाही दोन्ही काठांवर एकच आहे. तो इतका कडक का, याचं उत्तर आकड्यात आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, भारतातल्या एकाच व्यापारकेंद्रातून वर्षभरात किमान ५५,००० चांदणी कासवं रानातून उचलली गेल्याची नोंद आहे. २०१९ साली जिनिव्हात सायटीस कराराच्या बैठकीत या कासवाला सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत घातलं गेलं. टबातलं कासव ज्यांनी 'कुणीतरी आणून दिलं' म्हणून ठेवलं, ते या साखळीचं शेवटचं टोक आहेत. मागणी तिथूनच सुरू होते.

मग आज ज्यांच्या घरी असं कासव आहे त्यांनी काय करावं? रात्री गुपचूप जंगलात सोडू नये. वायव्य भारतातली आणि दक्षिणेतली चांदणी कासवं आनुवंशिकदृष्ट्या वेगवेगळ्या गटांची आहेत. कुठलं कुठून आलं ते न पाहता सोडलं तर गटांची भेसळ होते, आणि टबातला आजारही रानात पोचतो. शिवाय वर्षानुवर्षं आयता टोमॅटो खाल्लेल्या, मऊ हाडांच्या कासवाला रान पेलवत नाही. ते जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात स्वतःहून नेऊन द्यावं. पैनगंगेपलीकडच्यांनी महाराष्ट्र वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. तिथे पोचेपर्यंतच्या एक-दोन दिवसांत दूध, पोळी, केळं बंद, आणि गवत, जास्वंदीचा पाला, उथळ पाणी, सकाळचं कोवळं ऊन सुरू. सोबत एक चिठ्ठी द्यावी : हे किती वर्षं आमच्याकडे होतं, काय काय खात होतं. पशुवैद्याला उपचार ठरवताना तिचा मोठा उपयोग होतो.

मला ठाऊक आहे, यावर कुणी म्हणेल की लेकरांचा जीव त्यात अडकला आहे. त्या लेकरांना खरं सांगा. ज्याला गवत लागतं त्याला आपण पोळी घालत होतो, ज्याला ऊन लागतं त्याला काचेमागे ठेवत होतो, आणि आता त्याला जे लागतं ते देऊ शकणाऱ्यांकडे सोपवतो आहोत. खाऊ घालणं हे आपल्याकडे पुण्य मानतात, आणि ते आहेही. पण पुण्याची कसोटी घालणाऱ्याच्या समाधानावर लागत नाही, खाणाऱ्याच्या हाडावर लागते. त्या कसोटीला आपली काकडी आणि टोमॅटो उतरत नाहीत. हे कबूल करणारं प्रत्येक घर एक गिऱ्हाईक कमी करतं, आणि रानातून उचलल्या जाणाऱ्या कासवांची संख्या खाली आणण्याचा याहून सरळ उपाय आपल्या हातात दुसरा नाही.